गणिताचा पेपर तोंडावर आणि अभ्यास मागे: सुरुवात कुठून करायची

मागच्या उन्हाळी परीक्षेआधी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. वही उघडायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मला डिफरन्शियल इक्वेशन अजिबात येत नाही. ते युनिट सोडूनच देऊ का?" मी काही न बोलता तिला एक गणित लिहून दिलं:

डीवाय/डीएक्स + (२/एक्स) वाय = एक्स

तिनं बघितल्या बघितल्या ओळखलं की हे लिनिअर आहे. इंटिग्रेटिंग फॅक्टर काढायचा हेही तिला आठवलं. २/एक्सचं इंटिग्रेशन २ लॉग एक्स, तेही बरोबर. मग ई चा घात २ लॉग एक्स याची किंमत तिनं २एक्स लिहिली आणि पुढचं सगळं फिसकटलं. खरी किंमत एक्स². कारण २ लॉग एक्स म्हणजे लॉग (एक्स²), आणि ई व लॉग एकमेकांना काटतात. हे अकरावीतलं लॉगरिदम. म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन तिला येत होतं, लॉगचा एक नियम तेवढा निसटला होता. तो बसवायला आम्हाला वीस मिनिटं लागली. मग तेच गणित तिनं पुन्हा पहिल्यापासून मांडलं आणि वाय = एक्स²/४ + सी/एक्स² हे उत्तर स्वतः काढलं.

आपल्या सोलापुरात मागाची खडखड ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ताण्यातला धागा तुटला की माग थांबतो. विणकर म्हणून काही सगळं कापड उसवत बसत नाही. तो तुटलेलं टोक हुडकतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. गणितात मागे पडलेली बहुतेक मुलं अशाच एका टोकापाशी थांबलेली असतात, पण सगळं कापडच गेलं असं धरून बसतात. पुढं जे सांगते आहे ते पहिल्यांदाच विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांचा एखादा पेपर राहिला आहे त्यांच्यासाठीही.

पहिली संध्याकाळ: कोरा कागद

पुस्तक बंद ठेवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर बारावीपर्यंतची ही पाच कामं करून बघा. एक्स² − ५एक्स + ६ चे अवयव पाडा. १/((एक्स−१)(एक्स+२)) याचे पार्शल फ्रॅक्शन करा. एक्स² साइन एक्स याचा डेरिव्हेटिव्ह काढा. एक्स गुणिले ई चा एक्स घात याचं इंटिग्रेशन बाय पार्ट्‌स करा. आणि तीन अज्ञातांची तीन समीकरणं सोडवा.

जिथं हात अडखळेल तिथं खूण करा. मार्क द्यायचे नाहीत आणि वाईटही वाटून घ्यायचं नाही. फक्त खूण करायची. पाचातली दोन अडली, तर पहिले दोन दिवस त्या दोनांनाच द्या, सेमिस्टरचं पुस्तक उघडूच नका. एवढा वेळ हातात नसताना मागं कशाला जायचं, असं मुलं विचारतात. पण पार्शल फ्रॅक्शन येत नसेल तर लाप्लासचा इन्व्हर्स येणार नाही आणि इंटिग्रेशनही अडेल. एक कच्ची गोष्ट तीन ठिकाणचे मार्क खाते. ती पक्की केली की तिन्हीकडचे परत येतात.

मग जुने पेपर

कॉलेजच्या लायब्ररीत मागचे पेपर मिळतात, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडेही बहुधा सेट असतो. निदान तीन-चार वर्षांचे घ्या. पेपरच्या डोक्यावरचं नाव वाचायला विसरू नका. आपलं विद्यापीठ २००४ साली सुरू झालं आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. डोक्यावर नुसतंच 'सोलापूर विद्यापीठ' असेल तर तो पेपर त्याआधीचा समजा. मधल्या काळात सिलॅबस बदलला आहे, त्यामुळे असा पेपर सरावाला चालेल, पण त्यावरून अंदाज बांधू नका. सध्याचा सिलॅबस विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि त्याची प्रिंट टेबलासमोर चिकटवा.

आता एका मोठ्या कागदावर डावीकडे युनिटची नावं आणि वर परीक्षेची वर्षं लिहा. प्रत्येक पेपरात कुठल्या युनिटवर काय आलं ते त्या-त्या चौकोनात भरा. तासाभराचं काम आहे, पण ते झालं की भीतीला आकार येतो. मॅट्रिक्सवरचा केली-हॅमिल्टन थिअरम जवळजवळ दर वर्षी डोकावतो, एखादी व्याख्या पुन्हा पुन्हा विचारली जाते, तर एखाद्या लांबलचक प्रूफला कुणी हातही लावलेला नाही, हे सगळं समोर दिसायला लागतं.

यातून 'आयएमपी', म्हणजे येणारच असे मोजके प्रश्न, ठरवून बाकीचं सोडून द्या असं मी सांगणार नाही. चार प्रश्नांच्या जोरावर पेपरला गेलेल्या आणि चारातला एकही न आल्यामुळे कोरा कागद ठेवून आलेल्या मुलांना मी पाहिलं आहे. हा तक्ता क्रम ठरवण्यासाठी आहे: कुठलं आधी, कुठलं नंतर.

वाचल्यानं गणित येत नाही

हे मला स्वतःच्या अनुभवावरून सांगायचं आहे. दुसऱ्या वर्षाला माझा अॅनालिसिसचा पेपर गेला होता. मी नोट्स तीन वेळा वाचल्या होत्या, महत्त्वाच्या ओळी हिरव्या पेनानं अधोरेखित केल्या होत्या. वाचताना सगळं समजत होतं. पेपरात पहिलाच प्रश्न, 'कन्व्हर्जंट सिक्वेन्स बाउंडेड असते हे सिद्ध करा'. ते पान माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं, हिरव्या रेघेसकट. पण पहिली ओळ लिहिता येईना. हात त्या वाटेनं एकदाही गेला नव्हता.

ओळखीचं वाटणं आणि येणं यातलं अंतर संशोधकांनीही मोजलं आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्या गटाला तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही, म्हणून आपण दुसऱ्या गटात बसायचं.

करायचं ते असं. सोडवलेलं उदाहरण एकदा नीट वाचा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून कशी आली ते बघा. पुस्तक मिटा. तेच उदाहरण कोऱ्या कागदावर लिहा. अडलात तर लगेच उघडू नका, दोन-तीन मिनिटं झगडा, मग फक्त अडलेली ओळ बघा आणि पुन्हा मिटा. दुसऱ्या दिवशी तेच गणित न बघता पुन्हा करा. यूट्यूबवर शिकत असाल तरी हीच पद्धत: सरांनी गणित मांडलं की व्हिडिओ थांबवा, आधी स्वतः करा, मग पुढं बघा. नाहीतर दोन तास व्हिडिओ बघून हात कोराच राहतो.

सोबत एक छोटी वही ठेवा, फक्त चुकांची. त्यात पूर्ण गणित उतरवायचं नाही, चूक आणि तिचं कारण एवढंच लिहायचं. त्या मुलीच्या वहीची पहिली ओळ अशी होती: 'ई चा घात २ लॉग एक्स = एक्स², २एक्स नाही.' खाली, '−(एक्स − ३) = −एक्स + ३, कंसातलं दुसरं चिन्ह विसरते.' त्याखाली, 'रेशो टेस्टमध्ये लिमिट १ आली तर काहीच ठरत नाही. १/एन आणि १/एन² दोन्हींना १ येते, पहिली सिरीज डायव्हर्ज, दुसरी कन्व्हर्ज.' पेपरच्या आदल्या रात्री तिनं फक्त ही वही वाचली. माझ्या मते तिच्याकडचं सगळ्यात मोलाचं पुस्तक तेच होतं, कारण त्यात फक्त तिच्याच चुका होत्या.

एका युनिटवर हात बसला की गणितं मिसळून करायला लागा. डिफरन्शियल इक्वेशनचे प्रकार घ्या: एक एक्झॅक्ट, एक लिनिअर, एक बर्नुली. सलग दहा एक्झॅक्ट सोडवताना 'हे कुठल्या प्रकारचं' हा प्रश्नच पडत नाही, आणि पेपरात पहिला प्रश्न तोच असतो. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी जास्त चुकत होते, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत तेच बरेच पुढे निघाले. तेव्हा मिसळून करताना चुका वाढल्या तर घाबरून मागं फिरू नका.

थिअरम घोकायचे नाहीत

घोकंपट्टी करून गेलेल्या मुलाला मधली एक ओळ आठवली नाही की पुढचं सगळं गळतं. त्यापेक्षा प्रत्येक प्रूफचा सांगाडा तीन-चार वाक्यांत, मराठीत, मोठ्यानं सांगता यायला हवा. मांस नंतर चढवता येतं.

ग्रुप थिअरीतला लाग्रांजचा थिअरम घ्या: फायनाइट ग्रुपच्या ऑर्डरला (म्हणजे त्यातल्या एलिमेंटच्या संख्येला) सबग्रुपच्या ऑर्डरनं नि:शेष भाग जातो. दुकानात चादरींचे गठ्ठे बांधलेले असतात ते डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक गठ्ठ्यात सारख्याच चादरी, एकही चादर दोन गठ्ठ्यांत नाही आणि एकही बाहेर उरलेली नाही. मग एकूण चादरी म्हणजे गठ्ठ्यांची संख्या गुणिले एका गठ्ठ्यातल्या चादरी. इथं गठ्ठा म्हणजे कोसेट. प्रूफमध्ये तीनच गोष्टी दाखवायच्या: प्रत्येक एलिमेंट कुठल्या ना कुठल्या कोसेटमध्ये आहे, दोन कोसेट एकतर तेच असतात किंवा त्यांच्यात काहीच सामाईक नसतं, आणि प्रत्येक कोसेटमध्ये सबग्रुपइतकेच एलिमेंट असतात. हे तीन डोक्यात पक्के बसले की लिहिताना वाट चुकत नाही. १२ ऑर्डरच्या ग्रुपमध्ये ५ ऑर्डरचा सबग्रुप का नसतो, हेही लगेच सांगता येतं. उलटं मात्र खरं नाही, आणि तेही विचारतात: चार वस्तूंच्या इव्हन परम्युटेशनचा जो ग्रुप आहे, त्याची ऑर्डर १२, पण त्यात ६ ऑर्डरचा सबग्रुप नाही.

अॅनालिसिसमध्ये खरी मेख शब्दांच्या क्रमात असते. आपल्या एसटी स्टँडवर उभं राहून दोन वाक्यं म्हणा. 'प्रत्येक गावाला जाणारी एक गाडी आहे.' बार्शीची वेगळी, अक्कलकोटची वेगळी, मंगळवेढ्याची वेगळी, वाक्य खरं. आता 'एक गाडी अशी आहे की जी प्रत्येक गावाला जाते.' शब्द जवळजवळ तेच, अर्थ भलताच. कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यांच्यात हाच फरक आहे. पहिलीत एप्सिलॉन (किमतीत चालणारा फरक) दिल्यावर प्रत्येक बिंदूला त्याचा वेगळा डेल्टा (एक्समध्ये चालणारं अंतर) चालतो, दुसरीत एकच डेल्टा सगळ्या बिंदूंना पुरावा लागतो. 'फॉर ऑल' आणि 'देअर एक्झिस्ट्‌स' यातलं आधी काय आलं ते बघायची सवय लागली की निम्म्या व्याख्या आपोआप सरळ होतात.

एप्सिलॉन-डेल्टाची भीती असेल तर सगळ्यात सोप्यापासून सुरू करा. एक्स ३ कडे जाताना २एक्स + १ ची लिमिट ७. अंतर लिहा: (२एक्स + १) − ७ म्हणजे २(एक्स − ३). हे एप्सिलॉनपेक्षा लहान हवं, तर एक्स आणि ३ यातलं अंतर एप्सिलॉनच्या निम्म्याहून कमी हवं. म्हणजे डेल्टा = एप्सिलॉन/२. रफमध्ये असं मागून पुढं शोधायचं आणि उत्तरपत्रिकेत पुढून लिहायचं. अशी पाच गणितं केली की भीती जाते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

मोहोळ, माढा, करमाळ्याकडून मराठी शाळेतून आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला गप्प बसतात, आणि गणितच येत नाही असं समजतात. अडचण पुष्कळदा शब्दांची असते. दहावीला क्रेमरच्या पद्धतीत तुम्ही 'निश्चयक' काढला होता ना, तोच इथला डिटर्मिनंट. रोज पाच शब्द एका पानावर दोन्ही भाषांत लिहा. सोबत उत्तरात लागणारी दहा-बारा इंग्रजी वाक्यं पाठ करा: 'लेट एप्सिलॉन बी गिव्हन', 'सपोज, इफ पॉसिबल', 'हेन्स द प्रूफ' अशी. गणिताच्या उत्तराला याहून जास्त इंग्रजी लागत नाही. विचार मराठीत करा, त्यात कमीपणा काहीच नाही.

दिवस कसे लावायचे

समजा हातात २१ दिवस आहेत. पहिले दोन पाया आणि तक्ता यांना. पुढचे बारा युनिटना, तक्त्यातल्या क्रमानं. त्यानंतरचे पाच दिवस रोज एक जुना पेपर, घड्याळ लावून, मध्ये न उठता. शेवटचे दोन चुकांच्या वहीला आणि व्याख्यांना. दिवस कमी असतील तर मधले बारा कमी करा, पण घड्याळ लावून निदान दोन पेपर लिहाच.

उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला नवीन थिअरम डोक्यात शिरत नाही, त्यात तुमचा दोष नाही. पहाटे पाच ते नऊ हा वेळ नव्या आणि अवघड भागाला द्या. दुपारी शब्दांचं पान, व्याख्या, वहीतल्या चुका असलं हलकं काम करा. संध्याकाळी पुन्हा गणितं. घरात जागा नसेल तर गावातल्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत जा, किंवा कॉलेजच्या रीडिंग रूममध्ये बसा. पॅसेंजरनं किंवा एसटीनं रोज ये-जा करणाऱ्यांनी प्रवासात गणितं सोडवू नयेत. प्रूफचे सांगाडे मनात म्हणावेत, त्याला वहीही लागत नाही.

झोप तोडू नका. रात्रभर जागून सोडवलेल्या गणितात उणेचं अधिक होतं.

विचारायचं कसं

'सर, हे युनिट कळलं नाही' असं म्हटलं की सरांनाही कुठून सुरुवात करावी कळत नाही. वही घेऊन जा, बोट ठेवा आणि विचारा, "सर, या ओळीवरून पुढची ओळ कशी आली?" याचं उत्तर स्टाफरूमच्या दारात उभ्या-उभ्या दोन मिनिटांत मिळतं, आणि वर्षभर लेक्चरला कमी दिसलेल्या मुलालाही मिळतं. मी शिक्षिका म्हणून सांगते, असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलावर कुणी रागावत नाही.

दोघा-तिघांचा गट करा. एकानं फळ्यावर प्रूफ सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला 'का?' विचारायचं. आणि घरी खरं सांगा. आई-वडिलांना 'अभ्यास चांगला चाललाय' म्हणत राहिलं की ओझं दुप्पट होतं. 'मागे पडलोय, पण असं-असं ठरवलंय' एवढं सांगितलं की घरातला आवाजसुद्धा थोडा कमी होतो.

पेपरच्या दिवशी

हॉल तिकीट, आयकार्ड आणि दोन पेन आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा. कॅल्क्युलेटर चालतो का, तेही आधीच विचारून घ्या. पेपर हातात आला की पहिली पाच मिनिटं फक्त वाचा. वेळेला मार्कांनी भागा: ४० मार्कांना १२० मिनिटं असतील तर मार्काला ३ मिनिटं, म्हणजे ८ मार्कांच्या प्रश्नाला २४. त्याच्या वर गेलात तर जागा सोडून पुढं चला.

येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, पण प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा नंबर नीट घाला. आधी सूत्र किंवा थिअरमचं विधान लिहा, मग किमती घाला. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात, आणि पायऱ्या दिसल्या तरच मिळतात. मनातल्या मनात केलेली पायरी तपासणाऱ्याला दिसत नाही. प्रूफ पूर्ण येत नसेल तर व्याख्या, दिलेलं आणि सिद्ध करायचं तेवढं तरी लिहा. पान कोरं सोडू नका.

शेवटची दहा मिनिटं पडताळ्यासाठी ठेवा, पण सगळं पहिल्यापासून वाचत बसू नका. इन्व्हर्स काढला असेल तर मूळ मॅट्रिक्सशी गुणून आयडेंटिटी येते का बघा. डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर परत डिफरन्शिएट करा. आयगेन व्हॅल्यूंची बेरीज कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी आणि गुणाकार डिटर्मिनंटइतका यायला हवा: पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, २ असेल तर १ आणि ३ येतात, बेरीज ४, गुणाकार ३, दोन्ही जुळतात. इंटिग्रेशनमधला 'सी' राहिला नाही ना, तेही बघा.

बाहेर आल्यावर गेटपाशी उत्तरं जुळवत उभे राहू नका. पाणी प्या, काहीतरी खा, घरी जाऊन तासभर झोपा. संध्याकाळी पुढच्या पेपरची चुकांची वही काढा.